मधली जागा

१८८१ साली पॅरिसला विजेचे एक मोठे प्रदर्शन भरले. एडिसनचे दिवे त्यात होते, विजेवर चालणारी ट्राम होती, आणि हे सारे पाहायला निम्मे युरोप लोटले होते. या प्रदर्शनात गालिच्यांनी मढवलेल्या एका दालनापुढे माणसांची रांग लागे. आत टेलिफोनचे रिसीव्हर जोडीजोडीने टांगलेले असत. क्लेमां आदेर नावाच्या फ्रेंच तंत्रज्ञाने सुमारे दोन किलोमीटरांवरच्या ऑपेरामध्ये, रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला, टेलिफोनचे प्रेषक मांडून ठेवले होते. डाव्या बाजूच्या प्रेषकाची तार डाव्या कानाला, उजव्याची उजव्या कानाला. गायिका रंगमंचावर या टोकाकडून त्या टोकाला गेली की ती गेलेली ऐकणाऱ्याला कळे. डोळे मिटलेले असले तरी कळे. व्हिक्टर ह्यूगो त्या वेळी एकोणऐंशी वर्षांचा होता. त्यानेही हे यंत्र कानाला लावले आणि तशी नोंद करून ठेवली.

स्टिरिओ ध्वनीचा पहिला प्रयोग म्हणून इतिहासकार या प्रसंगाकडे बोट दाखवतात, आणि ते ठीकच आहे. मला मात्र त्यात दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या दालनात चांगली जागा आणि वाईट जागा असा भेद नव्हता. ऑपेराच्या नाट्यगृहात कोणी कोठे बसायचे हे पैशावर आणि घराण्यावर ठरे. येथे ज्याच्या दोन कानांना दोन रिसीव्हर लागले, तो बरोबर मध्यभागी बसल्यासारखाच. ध्वनी कानावरून सुटून खोलीत आला, त्या दिवशी मधली जागा जन्माला आली आणि तिच्याबरोबर कडेच्या जागाही आल्या.

हल्ली मध्यमवर्गाच्या घरात मोठा टेलिव्हिजन आला की पाठोपाठ ‘होम थिएटर’चा विषय निघतो. दुकानदार सहा पेट्यांचा संच दाखवतो: समोर तीन, मागे दोन आणि घुमणाऱ्या खर्जासाठी एक. घरातली शहाणी माणसे विचारतात, “यातले लहान काही नाही का?” मग तो टेलिव्हिजनखाली ठेवायची एक लांबट पेटी काढतो, किंवा मुठीएवढे दोन ठोकळे आणि कोपऱ्यात दडवायची एक खर्जाची पेटी. ही लहान मांडणी म्हणजे खऱ्याची गरिबाघरची नक्कल, असे दुकानदाराच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते. शास्त्रात माझी मजल मॅट्रिकच्या पुस्तकापलीकडे गेलेली नाही. पण जुन्या गोष्टी उकरण्याची खोड आहे, आणि या पेट्यांचा इतिहास मी जसजसा वाचत गेलो तसतसे मला वाटू लागले की हा इतिहास यंत्रांचा नसून खोलीत कोण कोठे बसतो याचा आहे.

थोडी कानाची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. आपले दोन कान एकमेकांपासून जेमतेम वीतभर अंतरावर. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला मागाहून. हा फरक फार तर सेकंदाचा दीड हजारावा भाग. शिवाय मधे डोके आडवे येते, म्हणून दूरच्या कानाला आवाज किंचित मंद. या दोन फरकांवरून मन दिशा ओळखते, हे लॉर्ड रेली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये नीट मांडले. पुढे १९४९ मध्ये जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे हेल्मुट हास याने आपल्या प्रबंधात आणखी एक मौज दाखवली. तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या फरकाने आला, तर जो आधी आला त्याच्याच दिशेला मन तो आवाज नेऊन बसवते. मागून येणारा मोठा असला तरी पुष्कळदा त्याची दाद लागत नाही. आधी आलेल्याचे खरे, हा न्याय कानाच्या दरबारात चालतो. दोन पेट्यांपैकी एकीला तुम्ही फूटभर जवळ बसलात, की मधे उभा असलेला गायक उठून त्या पेटीत जाऊन बसतो.

लंडनच्या ईएमआय कंपनीत ॲलन ब्लुमलाइन नावाचा एक तरुण अभियंता होता. १९३१ च्या सुमारास तो पत्नीबरोबर बोलपट पाहायला गेला. पडद्याच्या एका टोकाला नट बोलतो आणि आवाज येतो दुसऱ्या टोकाच्या कर्ण्यातून, हे त्याला सोसेना. आवाज नटाच्या मागून चालत जाईल अशी युक्ती आपल्याला सुचली आहे, असे त्याने पत्नीला सांगितले, ही हकीकत त्याच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. १४ डिसेंबर १९३१ ला त्याने पेटंटासाठी अर्ज केला. त्यात सत्तर मागण्या होत्या. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन निरनिराळे आवाज कोरायची कल्पनाही त्यात होती. (आपल्याकडे त्याच वर्षी १४ मार्चला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला होता, पडदा बोलतो याचेच नवल अजून सरले नव्हते.) हा गुणी माणूस ७ जून १९४२ ला रडारची चाचणी घेताना विमान कोसळून गेला. वय अडतीस. त्याची कल्पना अंगात मुरवलेली तबकडी बाजारात यायला १९५८ साल उजाडले.

अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत याच विषयावर दुसरी मंडळी खपत होती. त्यांचा म्होरक्या हार्वी फ्लेचर. २७ एप्रिल १९३३ ला त्यांनी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवला. फिलाडेल्फियात अलेक्झांडर स्मॉलेन्स काठी धरून उभा होता, आणि लिओपोल्ड स्टोकोव्स्की स्वतः वॉशिंग्टनला बसून आवाजाच्या कळा फिरवीत होता. ब्लुमलाइनच्या दोन वाटा, यांच्या तीन. ही तिसरी, मधली वाट कशासाठी? भल्यामोठ्या सभागृहात सगळेच मधे बसू शकत नाहीत. कडेच्या माणसाला दोनच कर्णे असतील तर सारा वाद्यवृंद जवळच्या कर्ण्यात गोळा झालेला वाटणार. मधे एक कर्णा खरोखरीच ठेवला, तर मधले वाद्य कडेच्या माणसालाही मधूनच ऐकू येईल. या तिसऱ्या कर्ण्यात मला तरी न्यायबुद्धी दिसते. तो ठेवला गेला कडेला बसणाऱ्यांसाठी.

सिनेमाने तीन वाटांचे बोट धरले आणि मग हातपाय पसरले. १९४० मध्ये डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी खास यंत्रणा बांधली गेली, ती इतकी महागडी की मोजक्याच थिएटरांत बसवता आली, आणि मग युद्धाने सारेच आवरले. १९५२ मध्ये सिनेरामा आला, त्याला सात वाटा. १९५३ मध्ये सिनेमास्कोपचा पहिला चित्रपट ‘द रोब’ आला. त्यात पडद्यामागे तीन आणि प्रेक्षकांच्या भोवती एक, अशा चार. आता येथे एक गंमत झाली. छोट्या गावांतल्या थिएटरमालकांनी हात वर केले. पडदा मोठा लावू, म्हणाले, पण या कर्ण्यांच्या माळा आमच्या खिशाला झेपणाऱ्या नाहीत. कंपनीने वर्षभर ताणून धरले आणि १९५४ मध्ये साध्या एकपदरी आवाजाच्या प्रती देऊ केल्या. ‘यातले लहान काही नाही का?’ हा प्रश्न घरातून निघण्याआधी तो असा थिएटरवाल्यांनीच विचारलेला होता.

आपल्याकडचा दाखला ‘शोले’चा. १५ ऑगस्ट १९७५ ला मुंबईच्या मिनर्व्हात तो लागला. सत्तर मिलिमीटरचा पडदा आणि आवाजाच्या सहा वाटा. उडवलेले नाणे खाली पडले की लोक खुर्च्यांखाली वाकून पाहत, असे वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. पण ही चैन मोठ्या शहरांतल्या निवडक थिएटरांची. बाकीच्या गावांत पस्तीस मिलिमीटरची साधी प्रत गेली, आणि गब्बरसिंग तेथे एकाच कर्ण्यातून बोलला. त्याच्या संवादांच्या कीर्तीत त्यामुळे काही उणे पडले नाही, हेही खरे.

आता घराकडे वळू. १९५८ साली स्टिरिओ तबकडी घरात आली ती दोन वाटांची. तिसरी, न्यायाची वाट दाराबाहेरच राहिली, कारण खाचेला भिंती दोनच. एवढ्या क्षुल्लक कारणावरून जगभरच्या दिवाणखान्यांत एक मधली खुर्ची तयार झाली, आणि आजवर ती हललेली नाही. त्या काळी चांगला खर्ज हवा म्हणजे पेटी कपाटाएवढी लागे. पॉल क्लिप्शने १९४६ पासून विकायला काढलेला कोपऱ्यातला कर्णा छातीएवढा उंच होता. असे एक धूड घरधनिणीने कसेबसे सोसले असेल. स्टिरिओ म्हणू लागले, दोन आणा!

ती वेळ येण्यापूर्वीच एका शिक्षकाने यातून वाट काढून ठेवली होती. शिक्षक म्हणून मला त्याचे जरा अधिक कौतुक वाटते हे कबूल. एडगर विल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीच्या पुनरुत्पादनावर वर्ग घेई. स्पीकरचा कागदी शंकू मागेपुढे हलतो आणि पुन्हा जागेवर येतो, तो कडांच्या ताठ वळ्यांमुळे. या वळ्या सारख्या ताणत नाहीत, म्हणून खर्ज फाटतो. विल्चर म्हणाला, कडा अगदी ढिल्या करा, पेटी हवाबंद करा, आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम करू द्या. हवेसारखी एकसारखी स्प्रिंग कोठे मिळणार? पहिल्या नमुन्याच्या कडा त्याने गादीच्या खोळीच्या कापडाच्या केल्या. त्याची पत्नी युद्धकाळात नकाशे-आराखडे काढण्याचे काम करीत असे. त्या कापडाचा बेत तिने आखून दिला. मोठ्या कंपन्यांनी कल्पना नाकारली. तेव्हा हेन्री क्लॉस या आपल्याच विद्यार्थ्याला बरोबर घेऊन त्याने १९५४ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे छोटा कारखाना काढला. दोन फुटांची, फळीवर आडवी मावणारी पेटी, आणि तिच्यातून येणारा खर्ज कपाटाएवढ्या पेटीला लाजवणारा. १९५८ मध्ये दोन पेट्यांची वेळ आली, तेव्हा लोकांना फळीवर मावेल अशी पेटी तयार मिळाली.

फुकट मात्र काही मिळत नाही. क्लॉस पुढे वेगळा झाला आणि १९५७ मध्ये त्याने दोन भागीदारांबरोबर दुसरी कंपनी काढली. त्यातला एक अँटन हॉफमन. विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन याचा मुलगा. त्याच्या नावाचा एक नियम या धंद्यातली माणसे ‘पोलादी नियम’ म्हणून सांगतात. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मागा. तिसऱ्यावर पाणी सोडावे लागते. विल्चरने तिसरी गोष्ट सोडली. त्याच्या पेटीला दणकट अँप्लिफायर लागे. पुढे ट्रान्झिस्टरने वीज स्वस्तात खेळवली आणि हा सौदा साऱ्या जगाला परवडला. आजची लहान मांडणीही त्याच सौद्यावर उभी आहे. विल्चरचे पेटंट पुढे कोर्टात टिकले नाही; वरच्या कोर्टात तो गेलाच नाही. नंतरच्या आयुष्यात बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रावर त्याने जे संशोधन केले, त्याचे तर त्याने पेटंटच घेतले नाही.

एकोणीसशे सत्तरच्या दशकात चार पेट्यांचा एक प्रयोग बाजारात झाला. त्यात एकमेकांशी न जुळणाऱ्या तीन पद्धती होत्या. गिऱ्हाईक गोंधळले आणि दशक संपता संपता दुकान बंद झाले. त्यावर अधिक शाई खर्चण्यात अर्थ नाही.

सिनेमाला मात्र भोवतीच्या आवाजाची गोडी लागली होती, आणि तिचा माग रे डॉल्बी या माणसाकडे जातो. हा डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा सल्लागार म्हणून आपल्या देशात होता. येथून तो लंडनला गेला आणि १९६५ मध्ये त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. फिल्मच्या कडेला असलेल्या दोन अरुंद पट्ट्यांत चार वाटा गुंफून घालायची त्याच्या मंडळींची युक्ती १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने जगभर नेली. व्हिडिओ कॅसेटबरोबर तीच गुंफण घराघरांत पोचली, आणि १९८२ पासून ती उकलणारी यंत्रे घरासाठी मिळू लागली. १९८७ च्या सुधारित यंत्राने मधली वाटही उकलली. बेलच्या माणसांचा तिसरा कर्णा चोपन्न वर्षांनी दिवाणखान्यात आला तो असा! १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून चित्रपटगृहात पाच स्वतंत्र वाटा आणि खर्जाची एक, म्हणजे ज्याला ५.१ म्हणतात ते रूढ होऊ लागले. डीव्हीडीबरोबर तेही घरी आले. अशा झाल्या सहा पेट्या.

सहा पेट्या म्हणजे काय ते मी आमच्या वरच्या मजल्यावर पाहिले आहे. हॉल दहा बाय बारा. एका बाजूला गॅलरीचे दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची उघडी चौकट. मागच्या दोन पेट्यांपैकी एक कपाटावर चढली. दुसरी खिडकीपाशी, दिवाणाच्या डोक्यावर खिळ्याला टांगली गेली, आणि त्या दिवाणावर नानांची बसण्याची जागा. मी गेलो तेव्हा पडद्यावर लढाई चालली होती. “कसा आहे आवाज, नाना?” मी विचारले. “काय सांगू सर,” नाना म्हणाले, “बोलणी सगळी तिकडे त्या सोफ्यावर उतरतात. माझ्या वाट्याला नुसता पाऊस आणि घोडे!” वहिनी आतून म्हणाल्या, “आणि माझ्या वाट्याला वायरी. केर काढताना रोज एक सुटते.” सोफ्याच्या मधोमध त्यांचा मुलगा बसला होता. त्याला काही तक्रार नव्हती.

एवढे सांगितल्यावर अमर बोस याच्याकडे यायला हवे. त्याचे वडील ननीगोपाल बोस हे बंगाली क्रांतिकारक. इंग्रजांच्या तुरुंगातून सुटल्यावर १९२० च्या सुमारास ते अमेरिकेला निसटले. मुलगा १९२९ मध्ये फिलाडेल्फियात जन्मला आणि शाळकरी वयात रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावू लागला. १९५६ मध्ये एमआयटीत डॉक्टरेट पुरी होताना त्याने हौसेने एक महागडा संच घेतला, आणि त्यातले व्हायोलिन ऐकून त्याचा हिरमोड झाला; तो स्वतः व्हायोलिन शिकलेला होता. पुढचे वर्ष त्याने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काढले. संगीतसभेत कानावर पडणारा बहुतेक आवाज भिंतीछतांवरून उलटून आलेला असतो, हे त्याच्या अभ्यासात निघाले. १९६८ च्या त्याच्या पेटीत नऊ स्पीकर होते. त्यातले आठ श्रोत्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलेले. वाद्ये गावभर पसरतात, व्हायोलिन भिंतीएवढे रुंद वाटते, अशी टीका झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण त्या पसरण्यात एक सोय होती: मधल्या जागेचा तोरा कमी झाला.

१९८७ मध्ये बोसने मुठीएवढे ठोकळे आणि लपवून ठेवायची खर्जाची पेटी, अशी मांडणी काढली. तिच्यामागचे तत्त्व कानाच्या एका आंधळेपणावर उभे आहे. सेकंदाला ऐंशी कंपनांचा स्वर घेतला तर त्याची एक लाट सव्वाचार मीटर लांब भरते. वीतभर अंतरावरच्या दोन कानांना त्या लाटेत फरक असा लागतच नाही. खर्ज कोठून येतो ते कळत नाही, म्हणून ती पेटी सोफ्यामागे लपवली तरी चालते. राहता राहिले वरचे स्वर. त्यांना मोठी पेटी लागत नाही. या शतकाच्या आरंभी त्याच्या कंपनीने मागच्या पेट्याही काढून टाकल्या: समोर दोन लहान ठोकळे, एक खर्जाची पेटी, आणि मागचा आवाज भासवायचे काम आतल्या गणिताकडे.

हे गणित कोठले? त्याची मुळे पुन्हा बेलच्याच प्रयोगशाळेत आहेत, आणि त्यात आपला एक माणूस आहे. बिष्णू अटल, जन्म १९३३, कानपूर. लखनौला शिकला, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकला आणि शिकवूही लागला. १९६१ मध्ये तो बेलमध्ये गेला. मोबाइलवर बोलताना आवाज थोडक्या जागेत बसवण्याची जी विद्या लागते, तिच्यासाठी त्याचे नाव पुढे झाले. पण त्याआधी १९६३ च्या सुमारास त्याने आणि मान्फ्रेड श्रोडर याने एक जादू केली होती. दोन पेट्यांपुढे बसले की डाव्या पेटीचा आवाज उजव्या कानालाही जातो; ही भेसळ. त्यांनी डाव्या पेटीबरोबर उजव्या पेटीतून असा एक उलटा आवाज सोडला की उजव्या कानापाशी तो या भेसळीला गाठून पुसून टाकील. मग त्या उलट्या आवाजाचीही भेसळ होते. ती पुसायला आणखी एक. असे सारे पुसून झाले की उरतात पॅरिसच्या दालनातले दोन रिसीव्हर, फक्त कानाला काही न लावता. आता कोणत्याही कानाला काय ऐकवायचे ते तुमच्या हाती. बाजूला, मागे, हवे तेथे आवाज उभा करा. पेट्या मात्र समोर दोनच. श्रोडरने नंतर ग्यॉटिंगेनला याच रीतीने युरोपातली कितीतरी संगीतगृहे एका खोलीत आणून एकमेकांशी ताडून पाहिली. तो अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण ती खोली कसली होती? प्रतिध्वनी न उठणारी, भिंतींना गवताच्या पेंढ्यांसारख्या जाड पाचरी लावलेली. आणि तिच्यात ऐकणारा एकटा, ठरल्या जागी, डोके न हलवता बसलेला. डोके थोडे कलले की पुसणे फसते आणि जादू विरते. मधल्या जागेचा जुलूम येथे कळसाला पोचला; तेथे मधली खुर्ची कसली, मधले एक डोके!

पुढच्या साऱ्या लहान मांडण्या या दोन टोकांमध्ये हेलकावे खात आल्या आहेत. कोणी बोसच्या वाटेने भिंतींना कामाला लावले, कोणी अटल-श्रोडरच्या गणिताला. ह्यूज या विमाने बनवणाऱ्या कंपनीत निघालेली अशीच एक युक्ती टेलिव्हिजनमध्ये शिरली. जपानच्या यामाहाने २००४ च्या अखेरीस एका लांबट पेटीत चाळीस इवले स्पीकर ओळीने मांडले. त्यांना सूक्ष्म फरकाने एकामागून एक बोलते केले की आवाजाचा झोत होतो, बॅटरीच्या प्रकाशासारखा. तो बाजूच्या भिंतीवर मारायचा, तेथून मागच्या भिंतीवर, आणि तेथून श्रोत्याच्या पाठीवर. कल्पना देखणी. तिला डावीउजवीकडे दोन बऱ्या, उघड्या भिंती मात्र हव्यात. आमच्या वरच्या मजल्यावर एक झोत गॅलरीतून बाहेर पडून समोरच्या इमारतीला गेला असता, आणि दुसरा स्वयंपाकघरात वहिनींपाशी.

भोवतीचा आवाज आपल्याला नवा नाही. वारीत दिंडीबरोबर जो चालला आहे त्याला टाळ पुढून, मागून, दोन्ही कुशींनी ऐकू येतात. तेथे आवाज काढणारेच ऐकणारे असतात, आणि सारा मेळा चालत असतो. बसून ऐकायचे ठरवले की मग आला जागेचा हिशेब.

म्हणून सहा पेट्या की लहान मांडणी, असे मला कोणी विचारले तर मी आधी विचारीन, घरात ऐकणारी माणसे किती? एकटा शौकीन असेल, खोली राखीव असेल, तर सहा पेट्यांनी त्याला जे मिळते ते लहान पेटीने मिळणार नाही. पाठीमागे दार उघडल्याचा खरा दचका गणिताला क्वचितच साधतो. अमेरिकेत प्रिन्स्टनला एडगर शुएरी नावाचे प्राध्यापक आहेत, धंद्याने रॉकेटविद्येचे. त्यांनी अटल-श्रोडरची भेसळ पुसण्याची विद्या पुष्कळ पुढे नेली. ऐकणाऱ्याचे डोके हलले तर कॅमेरा त्याचा माग घेतो आणि गणित त्याच्यामागे सरकते. मधली जागा आता त्या माणसाबरोबर चालू लागली आहे.

चारपाच माणसांच्या घरात गोष्ट वेगळी. टेलिव्हिजनखालची ती लांबट पेटी उघडून पाहिली तर पुष्कळदा तिच्यात मागचे असे काहीच नसते. स्वस्त पेटीत तर डावा-उजवा असे दोनच स्पीकर, हातभर अंतरावर. जाणकार याला नाक मुरडतात. पण ते दोन इतके जवळ आहेत की दिवाणावर बसा, दारात उभे राहा, की भाजी निवडत खाली बसा, माणूस पडद्यावर बोलतो आहे आणि आवाज पडद्याकडूनच येतो आहे. १९३३ मध्ये बेलच्या माणसांनी कडेला बसणाऱ्यांसाठी जो मधला कर्णा ठेवला होता, त्याचेच काम ही पेटी करते. वरच्या मजल्यावरच्या मंडळींनी गेल्या पाडव्याला अशी एक आणली. मागच्या दोन पेट्या माळ्यावर गेल्या. नानांच्या डोक्यावरचा खिळा अजून भिंतीत आहे, त्याला आता कॅलेंडर लावले आहे.